नवशिका सरदार

जावयाच्या मेव्हण्याने नोकरीपायी ऑनलाइन गेममधल्या ड्रॅगन टोळीची सरदारकी सोडली आणि ती कुणा नवशिक्याच्या गळ्यात घातली. तेव्हापासून जावयाचं डोकं फिरलं होतं. ऐन लढाईत हा पठ्ठ्या सगळ्या फौजेला विचारायचा, "जेवलात का?" आज तर कहर झाला. शत्रूने किल्ल्याचं दार ठोठावलं आणि सरदाराने ते चक्क उघडलं! किल्ला गेला, ड्रॅगन गेला, जावयाची जिवापाड जपलेली जादूची तलवारही गेली.

जावई तणतणत टोळीच्या चॅटमध्ये लिहायला बसला. टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायची त्याला सवयच होती. सासुरवाडीच्या बैठकीच्या खोलीत आवाज घुमला, "सरदार, तुम्हाला लढाईतलं ओ की ठो कळत नाही! दारात आला तो पाहुणा, असं वाटतं का तुम्हाला? तुमच्यापेक्षा माझी सासू बरी लढेल!"

 लगेच पडद्यावर ओळ झळकली: 'तुमची बदली घोड्यांच्या तबेल्यात झाली आहे.'

 

 

पाठोपाठ स्वयंपाकघरातून हाक आली, "जावईबापू, लीद नंतर काढा. आधी जेवून घ्या!"