न धुवायचा कोट

कोट गुलाबासारखा घमघमत होता आणि टेलरबाईंना दरदरून घाम फुटला होता.

दुपारचे तीन वाजले होते. पाचला कोटाची मालकीण येणार होती. शाळेत शिकवणारी मुलगी, वडील जाऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्यांचा हा जाड सुती कोट तिला स्वतःच्या मापाचा करून हवा होता. खांदे आत घ्यायचे, बाह्या चार बोटं कमी करायच्या. टेलरबाईंनी ते काम दृष्ट लागेल असं केलं होतं. जाताना मुलीने एकच गोष्ट बजावली होती. "काकू, तेवढा धुवू नका हं. याला अजून बाबांचा वास आहे. बाकी काही उरलं नाही त्यांचं."

टेलरबाईंनी तेव्हाच कोट हुंगून पाहिला होता. सिगारेट. कॉलरपासून अस्तरापर्यंत नुसती सिगारेट. बाबा कशाने गेले हे विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

आणि काल त्यांनी तो धुतला. चुकून धुतला, पण ही चूक तीन वर्षं मुरलेली होती. टेलरबाई दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक निवृत्त काका बसायचे. टेलरबाई त्यांना धुरांडं म्हणायच्या, तेही खिडकीतून, त्यांना ऐकू जाईल असं. हे धुरांडं सकाळी पेटायचं ते अंधार पडेपर्यंत विझायचं नाही. सगळा धूर सरळ वर, शिलाई मशीनच्या खिडकीत. एका गिऱ्हाइकाने नवाकोरा झगा परत आणून विचारलं होतं, "बाई, हा शिवलाय की याला धुरी दिलीय?" तेव्हापासून शिवून झालेला प्रत्येक कपडा धुऊन, दुप्पट सुगंधी पाण्यात बुडवूनच बाहेर जायचा. काल हात सवयीने चालले. डोकं कुठे होतं, देव जाणे.

तक्रारी करून झाल्या होत्या. "ते स्वतःच्या गॅलरीत ओढतात. तुम्ही माझ्या खिडकीतून नाक आत घ्या," असं सांगून घरमालकाने फोन ठेवला होता. मग टेलरबाईंनी चादरी न पिळता वाळत घातल्या, नेमक्या काकांच्या टकलावर ठिबकतील अशा. काका छत्री उघडून ओढू लागले. छत्रीखालून येणारा धूर जास्त जाड असतो, असं टेलरबाईंचं ठाम मत झालं होतं.

त्यांनी कोट पुन्हा हुंगला. गुलाबच. लेकीकडे बापाचं जेवढं उरलं होतं तेवढं आपण मोरीत सोडून दिलं, या विचाराने त्यांना रडू आलं. कोट खिडकीत टांगून ठेवला असता तर पुरेसा धूर मुरायला महिना लागला असता, आणि हातात होते दोन तास. टेलरबाईंनी पदराने डोळे पुसले, कोट हँगरला लावला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खालच्या घराची बेल वाजवली.

"एकट्याच आलात?" काकांनी जिन्यात डोकावून पाहिलं. "मला वाटलं, पोलीस घेऊन याल."

"काका," टेलरबाई म्हणाल्या, "ओढा."

"काय?"

"ओढा म्हणते ना! या कोटावर. पाचच्या आत."

सगळी हकिकत ऐकून काकांचा चेहराच उतरला. शत्रू दारात शरण आला होता, पण त्याची मजा घ्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

"कुठली ओढायचे ते?"

"वासावरून तरी स्वस्तातली."

"मग माझीच," म्हणून काकांनी खुर्ची ओढली.

कोट गॅलरीच्या दारात लटकला. काका त्याच्यासमोर बसले आणि कामाला लागले. टेलरबाई खोकत खोकत सूचना देत होत्या. "कॉलरला जास्त द्या. डावी बाही राहिली. खिसा उघडून धरते, आत सोडा." चौथ्या सिगारेटला काकांना ठसका लागला. त्यांनी पाणी मागितलं. टेलरबाईंनी त्यांच्याच माठातलं आणून दिलं आणि पाचवी स्वतः पेटवून त्यांच्या हातात ठेवली. सातवीला गुलाबाने हार मानली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलो बघा यामुळे," काका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

मुलगी पाचच्या ठोक्याला वर आली. तिने कोट अंगात घातला. खांदे अचूक बसले होते, पण तिने आरशात पाहिलंच नाही. कॉलर नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"आहे," ती हळूच म्हणाली. गालांवरून पाणी वाहत होतं. "अगदी तसाच आहे."

टेलरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं, दोनदा त्यांनी ते गिळलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्या म्हणाल्या, "फार ओढायचे का गं बाबा?"

"बाबा?" मुलगी रडता रडता हसायलाच लागली. "छे हो काकू! बाबांनी जन्मात कधी तोंडाला लावली नाही. आमच्या खालचे काका ओढायचे. बाबा तीस वर्षं त्यांच्याशी भांडत होते."