जॉबकार्ड

"ताई, बाबांची स्कूटर सर्व्हिसिंगला आलीय, जरा बोलायचं होतं," शोरूममधून फोन आला. आता हा खर्च वाढवून सांगणार, म्हणून मी "नंतर" म्हणत फोन ठेवला. बाळ नुकतं कुठे झोपलं होतं.

संध्याकाळी बाबांना सुनावलं, "कोपऱ्यावरचा मेकॅनिक निम्म्यात करतो. शोरूमवाले नुसते गोड बोलून कापतात."

"असू दे गं, काय होतंय ते नीट विचारतात तरी," बाबा हसले.

पुढच्याच महिन्यात हृदयविकाराने बाबा गेले. गाडीच्या कागदांत त्या दिवसाच्या सर्व्हिसिंगचं जॉबकार्ड सापडलं. खाली शोरूमवाल्याने पेनाने लिहिलं होतं :

"गाडी ठीक. काकांना किक मारताना धाप लागते. मुलीला फोन केला, बोलणं झालं नाही."

&nbsp;

तुमचे बाबा गाडी कशी सुरू करतात, आज एकदा बघून याल?