कातळवाडीची विहीर

नळाला हव्या त्या गावच्या पाण्याची चव द्यायचं शुल्क राष्ट्रीय जलमंडळाने पुन्हा वाढवलं, तसे दरवाढीच्या जाहीर सुनावणीत लोक भडकले. “आधी पाणी द्या, मग चवीचे पैसे मागा!”

यमूताई मात्र शेजारच्या शैलाच्या बाटलीकडे पाहून जळत होत्या. त्यांच्या माहेरच्या, कधीच बुजलेल्या कातळवाडीच्या विहिरीची चव आता शैलाच्या नळाला यायची. यमूताईंना ती परवडत नव्हती.

“घ्या मावशी, तुमच्याच विहिरीचं,” शैला मिरवत म्हणाली.

यमूताईंनी घोट घेतला. पाणी गोड लागलं. कातळवाडीच्या खाऱ्या पाण्यात तर डाळसुद्धा शिजत नसे.

“आजी, तुमची काही तक्रार?” मंडळाच्या साहेबांनी विचारलं.

“छे हो! हुबेहूब तेच पाणी,” यमूताई शैलाकडे बघत म्हणाल्या.

खरी विहीर अजून त्यांच्या एकटीचीच होती.