चौथी रेघ

दमलेल्या बॉक्सरला खरा आकडा सांगायचा नसतो, हा बाबांचा नियम. माझा दम वाढावा म्हणून सरावात ते एखादी फेरी मुद्दाम कमी मोजतात. फेरी संपली की भिंतीवर खडूने रेघ मात्र इमानदारीने ओढतात. आज तिसरी रेघ ओढून ते म्हणाले, "चल, आता तिसरी फेरी." नेहमीचीच लबाडी समजून मी मुकाट्याने खेळले. छाती फुटायची वेळ आली तेव्हा घंटा वाजली. त्यांनी चौथी रेघ ओढली. "चल, आता तिसरी फेरी." मी धापा टाकत हसले. "बाबा, अति होतंय हं. भिंतीकडे बघा जरा." त्यांनी वळून बोटाने एकेक रेघ मोजली. एकोणीस वर्षं ठोसे खाल्लेलं त्यांचं डोकं एका बाजूला कललं. "ह्या कोणी ओढल्या गं?" खडू त्यांच्याच हातात होता. माझे ग्लोव्हज आपोआप माझ्या डोक्याजवळ गेले.