नाजूक हात

हातांवरचं पुरळ हटेना, म्हणून डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. चौथ्या दिवशी पाठ निरखून त्या म्हणाल्या, "काका, सापडलं. एकच ठिपका लाल झालाय. तुम्हाला रबर सोसत नाही. रबरी हातमोजे घालता का?"

"भांडी घासताना. बायको गेली तेव्हापासून."

"त्याआधी कधी हात खाजायचे?"

"रोज. जेवण झालं की."

बाईंचं लिहिणं थांबलं. "रोज?"

"तिला तसं सांगायचो. भांडी घासायला लागू नयेत म्हणून. तिला थाप कळायची. म्हणायची, राहू द्या, नाजूक हात तुमचे."

बाईंना हसू आलं. मलाही आलं, बऱ्याच महिन्यांनी.

"आता खरंच सुट्टी घ्या. भांडी घासायची नाहीत, असं लिहूनच देते."

"ते नका लिहू," मी म्हटलं. "दुसरे कसले मोजे चालतील तेवढं सांगा. काल पहिल्यांदाच कढई तिच्यासारखी लख्ख निघालीय."