गुरगुऱ्या काठी टाकतो

फटाक्! काठी पुन्हा राजबिंड्याच्या डोक्यात बसली.

"बाबा!" लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. "काठी टाकायची आहे. मारायची नाही!"

"मी कुठे मारतोय?" बाहुलीवाले काकुळतीला आले. "हा हात मारतोय."

हात म्हणजे डावा हात. बाहुलीवाल्यांच्या डाव्या हातात गुरगुऱ्या असायचा, उजव्यात राजबिंडा. गुरगुऱ्या दुष्ट, राजबिंडा शूर. वडिलांनी लहानपणीच त्यांचे दोन्ही हात असे घोटून तयार केले होते की पडद्यामागे डुलकी लागली तरी खेळ चालू राहावा. गुरगुऱ्यानं काठीनं हाणत सुटायचं, हाणता हाणता ती निसटून खाली पडली की राजबिंड्यानं उचलून त्यालाच बडवायचं, आणि पोरांनी सभागृह डोक्यावर घ्यायचं. एवढ्यावर त्यांचा अख्खा संसार झाला होता.

आता लेकीनं नवा खेळ लिहिला होता. तिचा पहिलाच. त्यात गुरगुऱ्याला चेटकीण पाळण्यातून पळवून नेते आणि रोज निजवताना त्याच्या कानात सांगते, 'नदीपलीकडचे सगळे चोर. दिसला की हाण.' पोरगा मोठा होतो आणि हाणत सुटतो. शेवटी त्याला कळतं की चेटकिणीनं आपल्याला बनवलं. तो काठी टाकतो, राजबिंडा त्याला मिठी मारतो, पडदा.

"दुधातूनच विष पाजलंय त्याला," बाहुलीवाले म्हणाले. "असला गडी सुधारतो होय? काहीतरीच तुझं!"

"सुधारतो. आणि हा खेळ पडला ना, तर मी सरळ मावशीच्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन बसेन. ती कधीची बोलावतेय."

बाहुलीवाल्यांच्यामागे हे सगळं सांभाळणारी एवढी एकच लेक होती. ती गेली की पडदा कायमचा गुंडाळायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुकाट्यानं डावा हात पुढे केला.

आणि मग सुरू झाली गुरगुऱ्याची शिकवणी. राजबिंड्याला लेकीनं खुंटीला टांगून ठेवलं. "याला कशाला छळायचं? हा तर मुळात चांगलाच आहे," ती म्हणाली आणि गुरगुऱ्याला बाबांच्या हातात चढवून तिनं घरकामाला जुंपलं. गुरगुऱ्यानं मटार सोलले. कुंड्यांना पाणी घातलं. कपड्यांच्या घड्या घातल्या, त्याही वाकड्यातिकड्या. मांजराच्या पाठीवरून हात फिरवायला गेला तेव्हा मांजरानं आधी धूम ठोकली, पण पुढे पुढे ते आपणहून त्याच्यापाशी येऊन लोळायला लागलं.

"जन्मात कधी यांनी माझ्यासाठी मटाराचा दाणा सोलला नाही," आई म्हणाली. "या मेल्या गुरगुऱ्यानं पाटीभर सोलले. मी म्हणते, याला घरातच ठेवून घ्या. खेळाला यांना पाठवा."

एका दुपारी गुरगुऱ्यानं काठी उगारली. हात वरच्या वर अडला. बाहुलीवाल्यांनी श्वास रोखला, आणि बोटं चक्क सुटली. काठी खाली पडली.

"सुधारला! अगं, सुधारला की हा!" बाहुलीवाल्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. लेक तर खोलीभर नाचली. त्या आनंदात तालीम तिथंच संपली. राजबिंड्याला खुंटीवरून काढून, धूळ झटकून पेटीत ठेवलं, झालं.

खेळाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. चेटकिणीला पोरांनी मनसोक्त शिव्या घातल्या. गुरगुऱ्या आला तशी पुढच्या रांगा मागे सरकल्या. गुरगुऱ्यानं काठी उगारली.

आणि टाकली.

नुसती टाकली नाही, तर मान खाली घालून उभा राहिला पठ्ठ्या. हे तर लेकीनं लिहिलंही नव्हतं. पडद्यामागे लेकीनं बाबांचा दंड घट्ट धरला.

"आता मिठी," ती पुटपुटली.

राजबिंडा पुढे आला. वाकला. त्यानं झटक्यात काठी उचलली आणि गुरगुऱ्याच्या खाली घातलेल्या मानेवर दणादण सुरू केलं. फटाक्! फटाक्! फटाक्!

"अरे, थांब! थांब की!" बाहुलीवाले आपल्याच उजव्या हाताला दबक्या आवाजात ओरडत होते. हात कसला ऐकतोय! पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. "मार! अजून मार!" शेवटी लेकीनंच दोरी ओढून पडदा पाडला.

बाहेर टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. आत लेक पडद्याच्या गाठी सोडायला लागली. बाहुलीवाल्यांना तिच्याकडे बघवेना. गुरगुऱ्या त्यांच्या डाव्या हातात अजून मान खाली घालूनच होता. त्यांना त्या बाहुलीपुढे खरोखर लाज वाटली.

इतक्यात पडद्याचा कोपरा वर झाला आणि एक चिमुरडी आत घुसली. गाल लालबुंद, हात कमरेवर.

"त्यानं काठी टाकली होती!" ती भांडायलाच आली होती. "मी बघितलं! सगळ्यांनी बघितलं!"

"हो गं बाई, टाकली होती," बाहुलीवाले ओशाळून म्हणाले.

चिमुरडीनं राजबिंड्याला नखशिखांत न्याहाळलं. रागानं नव्हे, जरा काळजीनंच.

"मग हा सुधारेल का हो कधी?"

लेकीचे हात गाठीवरच थांबले. तिनं चिमुरडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. हसता हसताच ती पेटीवर टेकली.

"बाबा, मावशीला कळवा, मी येत नाही," ती म्हणाली. "आणि तो उजवा हात आणा इकडे."