गाडीतून प्रदक्षिणा

देवळाच्या गुरवांनी नव्या पिकअप ट्रकच्या चाकापुढे नारळ फोडला. "वहिनी, बसा! आज मारुतीची प्रदक्षिणा गाडीतूनच. डोंगर चढते ही," धाकटे दीर म्हणाले. शनिवारी प्रदक्षिणेआधी मी पाणी घेत नाही, म्हणून लवकर आटपेल या आशेनं बसले.

देवळामागच्या कोपऱ्यावर गाडी अडली. स्टिअरिंग पुरतं वळवलं, तरी गाडीचं लांबलचक नाक वळेना. दोन्हीकडे भिंती इतक्या जवळ, की दारही उघडेना. तहानेनं माझा घसा सुकला.

"मागं घेतो," दीर घामाघूम होत म्हणाले.

"उलटी प्रदक्षिणा? मारुतीला चालायची नाही!" मागून गुरव ओरडले. "डोंगर चढते म्हणालात ना?"

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, घ्या मागं. मारुतीची क्षमा मी मागते. पुढच्या वेळी मात्र महादेवाला न्या. तिथं अर्ध्यातून परतायचीच रीत आहे."